वचनं पाठ असणं हा पुरावा नव्हे
पुढाऱ्याच्या भाषणातली बायबलची वचनं मोजून त्याचा विश्वास खरा ठरवावा, असं एका लेखात म्हटलं आहे. हे माप कच्चं आहे. बायबलमधलं मत्तय ७:२१ नेमकं ‘प्रभू, प्रभू’ म्हणणाऱ्यांबद्दलच आहे: असं म्हणणारा प्रत्येक जण स्वर्गाच्या राज्यात जाईलच असं नाही. २५ डिसेंबरला केक कापताना तर सगळेच दिसतात. जूनमधल्या साध्या रविवारी तो उपासनेला असतो का, हे त्याच्या मंडळीच्या (चर्चच्या) पाळकांना विचारा. त्याहून पक्की खूण पैशाची. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने (लूक १९:८) अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेलं चौपट परत द्यायचं कबूल केलं. आपल्याकडे चूक उघडी पडली की नुसती क्षमायाचना, परतफेड शून्य! याउलट, जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवणारे धर्मोपदेशक नारायण शेषाद्री कामावरून ओळखले जातात. अंतःकरणाचा निवाडा मात्र करू नये. ‘दोष काढू नका’ सांगणारं ७:१ मत्तयाच्या त्याच अध्यायात आहे.