चेंडू दाबल्याने शीर सापडते, टोचणं बधिर होत नाही

"केमोची सुई दुखते? रोज शंभर वेळा चेंडू दाबा, डंबेल उचला. शिरा जाड होतात, सुई कळतही नाही, पोर्टचा खर्च वाचतो. सलाईन चालू असताना आग झाली तर मूठ उघडझाप करत राहा." हा निरोप आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर चौथ्यांदा आला. (पोर्ट म्हणजे केमोचं औषध देण्यासाठी छातीच्या कातडीखाली बसवतात ती नळी जोडलेली छोटी डबी.) आईच्या केमोच्या वेळी मी तिच्याजवळ बसायचे, म्हणून उत्तर देते आहे.

शिरांबद्दलचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. मऊ चेंडू नियमित दाबला की हाताच्या शिरा रुंदावायला मदत होते. डायलिसिससाठी हातात फिस्टुला (धमनी आणि शीर यांचा जोड) केलेल्यांनाही हा व्यायाम सांगतात. त्याच्या जोडीला भरपूर पाणी प्यायलं, हात गरम टॉवेलने थोडा वेळ शेकला, तर शीर पटकन मिळते. चार वेळा टोचण्याऐवजी एकदाच टोचलं जाणं ही लहान गोष्ट नाही.

पण "सुई कळतही नाही"? दुखतं ते मुख्यतः कातडीला. चेंडूने कातडी बधिर होत नाही. त्यासाठी लिडोकेन-प्रिलोकेनचं मलम मिळतं, साधारण तासभर आधी लावून वर चिकटपट्टीने झाकायचं. डॉक्टरांना विचारा, आम्हाला कुणी आपणहून सांगितलं नव्हतं.

डंबेलचा सल्ला सरसकट देऊच नये. आईच्या डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली होती, काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्या होत्या. अशा हाताला सूज धरण्याचा धोका असतो. वजन उचलायला कायमची बंदी नसते, पण ते फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, हळूहळू वाढवायचं.

पोर्ट वाचतो, हेही चूक. काही औषधं शिरेला आतून इजा करतात, मग ती कडक होते, दुखते. व्यायामाने ते थांबत नाही. पोर्टच्या नळीचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं; तिथे रक्ताचा वेग जास्त, औषध लगेच पातळ होतं.

शेवटचं वाक्य वाचून मात्र माझे हात थरथरले. सलाईन चालू असताना आग होणं, चरचरणं, फुगणं म्हणजे औषध शिरेबाहेर झिरपत असू शकतं. अॅड्रियामायसिन, म्हणजे ते लाल औषध, किंवा व्हिन्क्रिस्टिन असं झिरपलं तर आजूबाजूचं मांस मरू शकतं. त्या वेळी हात हलवायचा नाही, सिस्टरना लगेच बोलवायचं. स्वतः शेकायचंही नाही: अॅड्रियामायसिनला गार शेक लागतो, व्हिन्क्रिस्टिनला गरम.

केमोच्या दुसऱ्या फेरीला आई हळूच म्हणाली, "जरा चरचरतंय गं." सिस्टरनी धावत येऊन नळी बंद केली, डॉक्टरांना बोलावलं. थोडी सूज आली होती, ती उतरली. सुई उजव्या हातात असायची, म्हणून त्यानंतर प्रत्येक वेळी आई बेल डाव्या हाताशी ठेवून घ्यायची.