मैत्रीला तास लागतात

मुलांना मित्र जोडायला प्रोत्साहन द्या, असं पालकांसाठीच्या एका लेखात म्हटलंय. पण घरात ते प्रोत्साहन मुलांना टोचणीसारखं वाटतं, हा माझा अनुभव. मुलगी 14 वर्षांची असताना मी रोज विचारायचे, 'आज कुणाशी बोललीस?' ती आणखीच मिटत गेली. मग विचारणं सोडलं. मैत्रिणी कधीही घरी येऊ देत, इतकंच सांगितलं आणि त्या आल्या की खोलीत डोकवायचं नाही, हे कटाक्षाने पाळलं.

कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांच्या 2018 मधल्या अभ्यासानुसार ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण 50 तास लागतात, तर जिवलग मैत्रीला 200 हून जास्त. अभ्यास प्रौढांवर आणि कॉलेजच्या नव्या विद्यार्थ्यांवर होता, तरी मला तो फार पटला. शाळा आणि क्लास यांच्यामध्ये एवढे मोकळे तास मुलांना मिळतात कुठे? आम्ही एक क्लास बंद केला. त्या वेळात मुलगी आणि तिची एक मैत्रीण नुसत्या बसून गप्पा मारायच्या. हो, दोघीच. चार-पाच जणींचा घोळका हवा, हा हट्ट माझा होता, तिचा कधीच नव्हता.

आणि कृपा करून मुलांना मित्रांदेखत रागावू नका. तो अपमान ती खूप दिवस विसरत नाहीत.