खुलासा : पाकिटावरचा १०१ विषारी नाही

'आंबावडीच्या पाकिटावर १०१ दिसलं तर फेकून द्या, तो किडनी खराब करणारा रंग आहे. खाल्ल्यावर लघवी पिवळीजर्द होते हाच पुरावा,' असा संदेश रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गटांवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

१०१ हा पाकिटावर छापायचा रंगाचा क्रमांक. तो म्हणजे रायबोफ्लेविन, अर्थात जीवनसत्त्व ब-२. दूध, अंडी, कलेजीत ते असतंच. मोठ्या माणसाला रोज साधारण १ ते २ मिलिग्रॅम लागतं. भारतीय नियमांत ते परवानगी असलेला नैसर्गिक रंग आहे. कारखान्यात बहुधा सूक्ष्मजीवांच्या आंबवणातून बनवतात. जास्तीचं शरीर साठवत नाही, लघवीवाटे टाकतं, म्हणून ती पिवळी. किडनी काम करतेय, एवढाच त्याचा अर्थ! बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेणाऱ्यांना हे ठाऊक असतं.

याची खोड वेगळीच: उजेड सोसत नाही. उन्हात वाळवायच्या आंबापोळीत घातलं तर रंग उडून जाईल. खाण्याचा सोडा घालून गरम केलं तरी टिकत नाही.

घोटाळा बहुधा शेजारच्या आकड्यामुळे. १०२ म्हणजे टार्ट्राझिन, कृत्रिम रंग. त्यालाही परवानगी आहे, पण ठरावीक पदार्थांत आणि मर्यादेत. खरी भीती सुट्या मालातल्या मेटॅनिल यलो या कृत्रिम पिवळ्या रंगाची, ज्याला खाद्यपदार्थांत बंदीच आहे. नमुना कोमट पाण्यात हलवून त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यावर गुलाबी-जांभळा रंग आला आणि आणखी पाणी घालूनही टिकला, तर संशय घ्या. हळदीचा तसा रंग पाणी घातल्यावर जातो. आम्ल जहाल असतं, मुलांना लांब ठेवा.