सकाळी साडेसातच्या फोनविषयी आणि पाचशे रुपयांविषयी

सप्रेम नमस्कार.

मलेशियाच्या सहलीबद्दल आपण आमच्या संस्थेला एकच तारा देऊन जो अभिप्राय लिहिला आहे, तो मी काल रात्री ऑफिस बंद करताना वाचला आणि आज सकाळी पुन्हा दोनदा वाचला. क्वालालंपूरच्या विमानतळावर आपल्याला, वहिनींना, दोन्ही मुलांना आणि विशेषतः आपल्या आईंना जे ताटकळावे लागले, त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. रात्रभर विमानात बसून आलेल्या वयस्कर बाईंना पुन्हा रांगेबाहेर काढून उभे करावे, ही गोष्ट कोणालाही वाईट वाटण्यासारखीच आहे.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी आपल्या तक्रारी थोडक्यात सांगतो. ‘व्हिसा लागत नाही’ असे सांगून आम्ही गिऱ्हाईक ओढले आणि तेथे मात्र चौकशी झाली, फुकट मिळणाऱ्या फॉर्मचे आम्ही पाचशे रुपये घेतले, आपण दोन तास अडकलात, आणि शेवटी आपण लिहिले आहे की ‘सकाळी साडेसातला, म्हणजे माणसे कामाला लागलेली असतात अशा वेळी फोन केला, तरी मालकाने उचलला नाही’. बाकीच्यांवर पुढे बोलतोच, पण हे शेवटचे वाक्य मला फार लागले आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

मलेशियाचे घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा अडीच तास पुढे असते. आपण साडेसात पाहिले ते क्वालालंपूरच्या विमानतळावर. माझ्या फोनमध्ये आपला पहिला मिस्ड कॉल पहाटे 5 वाजून 2 मिनिटांचा आहे आणि दुसरा 5 वाजून 4 मिनिटांचा. पहाटे पाचला या गावात तालमीतले पैलवान उठलेले असतात आणि मी उठलेला नसतो, हे मी मान्य करतो. परंतु 5 वाजून 11 मिनिटांनी मी स्वतः आपल्याला फोन लावला, घरातली माणसे झोपलेली असल्याने गॅलरीत उभा राहून आपल्याशी बोललो, आणि त्यानंतर परतीची तिकिटे आणि हॉटेलची नोंद असे सगळे कागद एकेक करून आपल्याला पाठवले. आपल्या अभिप्रायात या फोनचा उल्लेख कोठेच नाही. ‘उचलला नाही’ आणि ‘नऊ मिनिटांनी उलट फोन केला’ या दोन वाक्यांत किती अंतर आहे, हे ज्याचे पोट लोकांच्या विश्वासावर चालते त्याला विचारावे. हा अभिप्राय आल्यापासून दोन कुटुंबांनी मे महिन्याच्या सहलीची चौकशी अर्ध्यावर सोडली आहे. त्यांनी कारण सांगितले नाही, मीही विचारले नाही.

आता ‘व्हिसा लागत नाही’ या शब्दांविषयी. भारतीय पासपोर्टधारकांना पर्यटनासाठी 30 दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय येऊ देण्याची सवलत मलेशियाने 1 डिसेंबर 2023 पासून सुरू केली आणि पुढे ती 31 डिसेंबर 2026 पर्यंत वाढवली. आमच्या फलकावर तेवढेच लिहिले आहे आणि ते खरे आहे. या सवलतीत आधी अर्ज करणे आणि व्हिसाचे शुल्क भरणे वाचते, प्रवेश द्यायचा की नाही हे मात्र काउंटरवर बसलेला इमिग्रेशन अधिकारीच ठरवतो. परतीचे तिकीट, राहण्याच्या ठिकाणाची नोंद आणि खर्चापुरते पैसे आहेत का, हे तो कोणालाही विचारू शकतो, आणि पर्यटक म्हणून उतरून तेथे कामाला राहणारेही असतात म्हणून विचारतोच. व्हिसा काढून जाणाऱ्याची निम्मी तपासणी येथे अर्जाच्या वेळी झालेली असते, व्हिसाशिवाय जाणाऱ्याची सगळी तपासणी त्या एका काउंटरवर होते. हे मी आपल्याला बुकिंगच्या दिवशी, आमच्या ऑफिसातल्या त्याच खुर्चीत बसून सांगितले होते. आपण तेव्हा मुलांसाठी थीम पार्कच्या तिकिटांचे दर पाहत होता, त्यामुळे ते लक्षात राहिले नसेल, अशी मी समजूत करून घेतो.

हे सांगण्यापुरते राहू नये म्हणून आम्ही प्रत्येक कुटुंबाला एक पारदर्शक फोल्डर देतो. त्यात सगळ्यांची परतीची तिकिटे, हॉटेलचे व्हाउचर आणि पासपोर्टच्या झेरॉक्स क्रमाने लावलेल्या असतात, आणि वर मराठीत जाड अक्षरांत ‘हातातल्या बॅगेत ठेवावे’ असे लिहिलेले असते. आपल्याशी फोनवर बोललो तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो त्या फोल्डरचा. फोल्डर मोठ्या सुटकेसमध्ये होते आणि सुटकेस इमिग्रेशनच्या पलीकडे सामानाच्या पट्ट्यावर फिरत होती. सामान हे इमिग्रेशन झाल्यावरच हाती येते. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण आपण चारचौघांत लिहिले आहे, म्हणून मलाही चारचौघांतच लिहावे लागत आहे.

चौकशी मुळात सुरू कशामुळे झाली, तेही सांगतो, कारण त्यात आमचाही दोष आहे. मलेशियात जाणाऱ्या प्रत्येक भारतीय पर्यटकाला, लहान मुलांनाही, पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड, म्हणजे आगमनाची माहिती देणारा फॉर्म, ऑनलाइन भरावे लागते. हा नियम 1 जानेवारी 2024 पासून आहे. त्यांच्या इमिग्रेशन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर हे कार्ड पूर्णपणे मोफत आहे, हे आपले म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे, आणि तसेच दिसणारी जी दुसरी संकेतस्थळे त्यासाठी पैसे उकळतात त्यांच्यापासून आम्हीच लोकांना सावध करत असतो. आम्ही भरून दिले तर माणशी शंभर रुपये घेतो. ते कार्डाचे नसतात, पाच पासपोर्ट समोर ठेवून एकेक अक्षर तपासत बसण्याचे असतात. आपण ‘सरकार फुकट देते त्याचे तुम्ही कशाला घेता, मीच भरतो’ असे म्हणालात आणि आम्ही ते लगेच मान्य केले. बुधवारी संध्याकाळी आठवणीचा निरोप आणि मराठी सूचनापत्रक आपल्याला पाठवले. आपण शुक्रवारी दुपारी मुंबईला जाताना, गाडीने कराड ओलांडले तेव्हा, ‘पाचही भरली’ असा अंगठ्याच्या चित्रासह निरोप दिलात.

आपले विमान शुक्रवारी रात्री अकरानंतर मुंबईहून सुटणारे होते. असे विमान क्वालालंपूरला उतरते ते शनिवारी सकाळी, आणि कार्डावर विचारलेली असते ती तेथे पोहोचण्याची तारीख. आपण पाचही कार्डांवर शुक्रवारची तारीख घातली होती. मुंबईत चेक-इनच्या वेळी कार्डे आहेत एवढेच पाहिले गेले. तिकडच्या अधिकाऱ्याने तारीख पाहिली आणि नव्याने भरून या म्हणून बाजूला काढले. मग विमानतळाचे वायफाय, एकच चालू मोबाईल आणि पाच कार्डे, असा सगळा खेळ झाला.

आता आमचा दोष. आमच्या सूचनापत्रकाच्या तिसऱ्या ओळीत ‘प्रवासाची तारीख भरावी’ असे छापले होते. तेथे ‘मलेशियात उतरण्याची तारीख’ असे असायला हवे होते. रात्रीच्या विमानाने जाणारा माणूस प्रवासाची तारीख म्हणजे निघण्याचीच तारीख समजणार, यात आपली काही चूक नाही. ही चूक माझी आहे आणि तिच्याबद्दल मी पुन्हा एकदा क्षमा मागतो.

परंतु पाचशे रुपयांचे काय? ती रक्कम या कार्डाशी संबंधितच नव्हती. बुकिंग करताना आपल्या धाकट्या मुलीचा पासपोर्ट आमच्या ऑफिसातल्या मुलीने हातात घेतला आणि तो जानेवारीत संपतो आहे हे तिच्या लक्षात आले. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो म्हणून घरात कोणी लहान मुलांच्या पासपोर्टची तारीख पाहत नाही, आणि तो तर पाच वर्षांतच संपतो. मलेशियात उतरताना पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी लागते. दिवाळीच्या सुट्टीत तो पासपोर्ट घेऊन आपण गेला असता, तर क्वालालंपूर राहो, मुंबईतच विमान कंपनीने मुलीला बोर्डिंग पास दिला नसता, कारण प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत आणण्याचा भार त्यांच्यावरच पडतो. मग आम्ही नव्या पासपोर्टचा अर्ज भरला, आई-वडील दोघांच्या सहीचे संमतीपत्र (अॅनेक्शर डी) तयार केले, कोल्हापूरच्या पोस्ट ऑफिसातील पासपोर्ट केंद्राची वेळ घेतली आणि त्या दिवशी आमचा मुलगा आपल्याबरोबर तेथे थांबला. सरकारी शुल्क 1000 रुपये होते, ते आपण आपल्याच कार्डावरून भरले. आमचे 500 रुपये या कामाचे आहेत. पावतीवर घाईत नुसते ‘फॉर्म’ असे लिहिले गेले, त्यामुळे आपला गैरसमज झाला असावा. यापुढे पावतीवर कामाचे पूर्ण नाव लिहायला मी सांगितले आहे.

‘दोन तास’ याविषयी एवढेच म्हणतो की पहिला मिस्ड कॉल 5 वाजून 2 मिनिटांचा आहे आणि विमानतळाबाहेर टॅक्सीजवळ उभे राहून काढलेला आपल्या सगळ्यांचा फोटो मला 6 वाजून 25 मिनिटांनी आला. त्या फोटोत आई हसत आहेत. फोनच्या आधी रांगेत किती वेळ गेला ते मला माहीत नाही, म्हणून यावर वाद घालत नाही.

मलेशियाच्या सीमेवरच्या जोहोर बाहरूहून पूल ओलांडून सिंगापूर का दाखवले नाही, असेही आपण ओझरते लिहिले आहे. सिंगापूरसाठी भारतीयांना व्हिसा लागतो, मलेशियाची सवलत तेथे चालत नाही, आणि हे ऐकल्यावर आपणच तो एक दिवस कमी करून मलेशियाच्याच लंकावी बेटावर वाढवायला सांगितला होता.

सूचनापत्रकातली ती ओळ कालच बदलली आहे. कार्ड कोणीही भरले तरी निघण्यापूर्वी त्याचा स्क्रीनशॉट आमच्याकडे मागवून तारीख पाहून घेऊ, त्याचे पैसे घेणार नाही. रात्री-अपरात्री उतरणाऱ्या प्रवाशांसाठी फोनची काहीतरी वेगळी व्यवस्था करण्याचाही विचार आहे, पण आम्ही चारच माणसे आहोत, तेव्हा ते कसे जमते ते पाहतो.

आपल्या पावतीची दुसरी प्रत, पासपोर्ट केंद्राच्या वेळेची नोंद आणि कॉलची यादी मी राजारामपुरीतल्या ऑफिसात काढून ठेवली आहे. आपण वहिनींना आणि आईंना घेऊन केव्हाही यावे, चहा घेऊन समोरासमोर बोलू. ते पाहिल्यावर अभिप्रायातले निदान फोनचे वाक्य बदलावेसे वाटले तर बदलावे, बाकीचे तसेच राहिले तरी माझी हरकत नाही. ऑफिस सोमवार ते शनिवार सकाळी दहा ते रात्री आठ, भारतीय वेळेनुसार, उघडे असते.

आपला,
संस्थेचा मालक
राजारामपुरी, कोल्हापूर