देव पाण्यात ठेवण्याची योग्य पद्धत

एप्रिल लागला की आर्सेनल या लंडनच्या फुटबॉल क्लबच्या चाहत्यानं आधी दोन कामं उरकून घ्यावीत. ऑफिसातल्या सकाळच्या मीटिंगा दुपारवर ढकलाव्यात आणि घरात सगळ्यांशी गोड बोलायला लागावं. कॉर्नर कुणी घ्यायचा, बचावातल्या सालिबाची पाठ धरली तर मागे कुणाला उभं करायचं, ही डोकेदुखी कोच मिकेल आर्टेटाची. त्याला तिचा पगार मिळतो. आपलं काम बिनपगारी आहे: डोंबिवलीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या सोफ्यावरून, सात हजार किलोमीटरवरच्या अकरा जणांना इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकून द्यायची. ते नीट व्हावं म्हणून हे चार शब्द. लिहिणाऱ्याला २०२३, २०२४ आणि २०२५ असा लागोपाठ तीन वर्षं दुसऱ्या नंबरावर राहण्याचा दांडगा अनुभव आहे.

हिवाळ्यात चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपभरच्या क्लबांच्या स्पर्धेची, मॅच आपल्याकडे रात्री दीडला लागते. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर पुढे जातात आणि तीच मॅच साडेबारावर येते. हा वाचलेला तास झोपेत घालवू नका. तो पॉइंट्स टेबलसाठी आहे. गणित आलं नाही तरी चालेल, जर-तर आलं पाहिजे. ‘आपण सहाच्या सहा जिंकलो, मँचेस्टर सिटी एक हरली, एक ड्रॉ झाली, आणि गोल डिफरन्स...’ असं पुटपुटत माणूस बाल्कनीत फेऱ्या मारताना दिसला तर घरच्यांनी डॉक्टर गाठू नये. सिटीच्या शिल्लक मॅच मात्र कायम हरलेल्या धराव्यात. त्या जिंकलेल्या धरल्या तर मार्चमध्येच झोपायला जावं लागेल, मग मजा काय?

‘ट्रॉफी’ हा शब्द तोंडातून काढू नये. पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत तसं ‘ते’ म्हणावं. ‘यंदा ते होईल असं वाटतंय.’ एवढंही बोललात तर लगेच लाकडाला हात लावा. प्लायवूड चालत नाही, मी बघितलंय.

पहिल्या नंबरावर असताना कसं वागावं, हे शिकायला २०२३ चा गुढीपाडवा उत्तम. आर्सेनल सिटीच्या आठ पॉइंट पुढे होतं आणि मी गुढीला मनातल्या मनात लाल-पांढरं नेसवलं होतं. पुढे लिव्हरपूलला दोन गोलची आघाडी घेऊन २-२. आठवड्यानं वेस्ट हॅमला पुन्हा दोन गोलची आघाडी, आपल्या साकाची पेनल्टी बाहेर, पुन्हा २-२. मग आलं साउथहॅम्प्टन. टेबलच्या तळाला बसलेली टीम, मॅच आपल्याच मैदानावर, आपल्याकडे शुक्रवारी रात्री साडेबारा, म्हणजे तारखेनं अक्षय्य तृतीयेचा दिवस उजाडलेला. पहिल्याच मिनिटात आपल्या गोलकीपरनं बॉल त्यांच्या पायात दिला आणि गोल. दुसरा मारला थिओ वॉलकॉटनं, जो बारा वर्षं आपल्याच घरचं मीठ खाऊन गेलेला. शेवटी रडतखडत ३-३. सकाळी आई म्हणाली, ‘अरे, आज मुहूर्त आहे, गुंजभर तरी काहीतरी घे.’

‘एक पॉइंट घेतलाय,’ म्हटलं.

अक्षय्य म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते. त्या दिवशी आघाडी पाच पॉइंटांची उरली होती आणि सिटीच्या दोन मॅच शिल्लक होत्या. पुढचं सांगत नाही.

आता जर्सी. जिंकलेल्या मॅचची जर्सी धुवायची नाही, हा नियम सगळ्यांना माहीत आहे, पण तो मे महिन्यात आणि डोंबिवलीत पाळायला वेगळी निष्ठा लागते. ही निष्ठा आपल्यात आहे, शेजारच्यात असेलच असं नाही. जागाही ठरलेली हवी. कुणी कुठे बसलं असताना गोल झाला, हे लक्षात ठेवून त्याला तिथेच बसवून ठेवावं. आमच्या बायकोनं एक अख्खा सेकंड हाफ भाजी निवडण्याची परात मांडीवर घेऊन काढला आहे. भाजी केव्हाच निवडून झाली होती.

हरल्यावर दोषी लगेच सापडला पाहिजे. १४ एप्रिल २०२४ चा रविवार घ्या. संध्याकाळी शर्यतीतलं लिव्हरपूल स्वतःच्या घरी क्रिस्टल पॅलेसकडून ०-१ हरलं. मी खाली जाऊन अर्धा किलो श्रीखंड आणलं. रात्री नऊला आपली ॲस्टन व्हिलाशी मॅच, जिंकलो की सिटीला मागे टाकून पुन्हा पहिले. त्र्याऐंशी मिनिटं ०-०. तेवढ्यात मेहुणा आत आला आणि चप्पल काढता काढता विचारता झाला, ‘किती झाले?’ चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला व्हिलाच्या बेलीचा गोल, सत्याऐंशीव्या मिनिटाला वॉटकिन्सचा. खाली रस्त्यावर बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक जोरात होती, गल्लीभर आनंद होता, सुतक काय ते आमच्या हॉलमध्ये. तज्ज्ञ मंडळींनी नंतर दमलेल्या मिडफील्डवर पुष्कळ चर्चा केली. त्यांना मेहुण्याबद्दल काही माहिती नव्हती.

पण खरी परीक्षा यापुढे. आपल्या मॅच जिंकत राहणं पुरत नाही, दुसऱ्यानं दुसऱ्याला हरवावं लागतं, आणि तो दुसरा कोण असावा हे आपल्या हातात नसतं. २०२४ च्या मे महिन्यात सिटीला हरवू शकणारा तो दुसरा निघाला टॉटनहॅम, आर्सेनलचा शेजारी आणि हाडवैरी. ज्यांना वाकुल्या दाखवण्यासाठी आपण मराठी मुलखात राहून उत्तर लंडनची भांडणं दत्तक घेतली, ते. २००४ साली एकही मॅच न हरता, २६ विजय आणि १२ ड्रॉ करत, आर्सेनलनं शेवटची लीग जिंकली होती तेव्हा ती पक्की झाली याच टॉटनहॅमच्या मैदानावर. ते सांगून वीस वर्षं आपण त्यांना डिवचलं. आणि १४ मेच्या मध्यरात्री साडेबाराला मी त्यांच्यासाठी समईत तेल घालत होतो.

यातली योग्य पद्धत अशी. देव पाण्यात ठेवताना टॉटनहॅमचं नाव घेऊ नये. ‘सिटीचं वाईट होवो’ एवढंच म्हणावं, म्हणजे देवालाही संकोच वाटत नाही. पांढऱ्या जर्सीतल्यांनी गोल मारायची संधी मिळवली तर ओरडू नये, फक्त उशी आवळावी. हालांडनं सिटीचा पहिला गोल मारल्यावर टॉटनहॅमच्याच स्टेडियममधले टॉटनहॅमचेच चाहते नाचू लागले, कारण आर्सेनलनं लीग जिंकण्यापेक्षा स्वतः हरलेलं त्यांना परवडत होतं. दुसऱ्याला अपशकुन करण्यासाठी स्वतःचं नाक कापून घेणं आपल्याकडे फक्त म्हणीत असतं. तिथे माणसं त्यासाठी तिकीट काढतात. आणि शेवटी शेवटी टॉटनहॅमचा सोन एकटा सिटीच्या गोलकीपरसमोर, ऑर्टेगासमोर. मी उठून उभा राहिलो. टॉटनहॅमच्या माणसासाठी उभा राहिलो, हे माझ्या मुलांना कधी कळू नये. ऑर्टेगानं पाय पसरला, बॉल पायाला लागून बाहेर. ०-२. उशी आजही वाकडी आहे.

शेवटच्या रविवारी, १९ मे ला, दोन स्क्रीन लावाव्यात: टीव्हीवर आपली मॅच, मोबाइलवर सिटीची. मोबाइल पालथा ठेवावा. मी तो पालथा करायच्या आतच सिटीच्या फोडेनचा दुसऱ्या मिनिटाला गोल झाला होता. सिटी दोन गोलनी पुढे असताना, हाफ-टाइमच्या आधी वेस्ट हॅमच्या कुदुसनं ओव्हरहेड किक मारून २-१ केलं, तेवढ्या आशेवर आम्ही सिटीच्या रॉड्रीच्या गोलपर्यंत, म्हणजे सुमारे पंधरा मिनिटांचा खेळ, जगलो. एव्हर्टनला आपण २-१ हरवलं. ८९ पॉइंट. सिटीचे ९१. आई आतून म्हणाली, ‘जिंकले ना? मग तोंड का असं? झोप आता, उद्या मतदानाला लवकर जायचंय.’ शाई लागलेलं बोट दाखवत फोटो काढला त्यात माझे डोळे का सुजलेत, हे कुणी विचारलं नाही. निकालाची काळजी असेल, असं वाटलं असावं.

बाकीच्या कपांबद्दल फार लिहीत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत बाहेर पडलात तर ‘लीगवर लक्ष देता येईल’ म्हणावं. लीग गेली तर ‘युरोपवर लक्ष देता येईल’. २०२५ च्या एप्रिलमध्ये, चॅम्पियन्स लीगमध्ये, आपल्या डेक्लन राइसनं रेआल माद्रिदविरुद्ध एकाच रात्री दोन फ्री किक थेट गोलात मारल्या, ज्यानं त्याआधी कारकिर्दीत एकही थेट फ्री किक गोलात घातली नव्हती. त्या रात्री मी म्युनिकच्या विमानाचं भाडं बघितलं. फायनल म्युनिकला होती. सेमीफायनलला पॅरिसवाल्यांनी चौथ्याच मिनिटाला गोल मारून विमान उतरवलं.

जर्सी आता धुवायला टाका. वेगळी टाका, नाहीतर सगळ्यांचे कपडे गुलाबी होतील. जूनमध्ये वटपौर्णिमेच्या आगेमागे नव्या हंगामाचं वेळापत्रक येतं. बायको वडाला दोरा गुंडाळून येईपर्यंत ते उघडून बसा. ऑगस्ट, सप्टेंबर बघत वेळ घालवू नका, थेट एप्रिलवर जा. त्या महिन्यात सिटीशी मॅच असेल तर तिच्या दुसऱ्या दिवसाची रजा आत्ताच टाकून ठेवा. कारणाच्या रकान्यात ‘आजारपण’ लिहा. कुणाचं, ते लिहू नका.