ब्रेक? चालेल की!

मंगळवारी दुपारी डब्यात शेपू बघून आधीच मन खट्टू झालं होतं, तेवढ्यात मोबाइल वाजला. चलन. सिग्नलला पांढऱ्या रेषेच्या आत थांबलो नाही म्हणून पाचशे रुपये.

पैशांचं एक वेळ सोडा. सोबत फोटो होता. फोटोत माझी येझदी मोटरसायकल रेषा ओलांडून चांगली हातभर पुढे गेलेली. माझे दोन्ही पाय, पाण्यात उतरणाऱ्या बगळ्यासारखे, पुढे काढून रस्त्यावर घासत असलेले. तोंड उघडं. उजव्या हाताची चारही बोटं ब्रेकच्या दांडीवर अशी आवळलेली, की जणू कुणाचा तरी गळाच धरलाय. आणि शेजारी, रेषेच्या बरोब्बर मागे, इलेक्ट्रिक स्कूटरवर एक आजीबाई. एक पाय हलकेच टेकवून, देवळात बसल्यासारख्या शांत. फोटो काढणाऱ्या यंत्राला माणसाची अब्रू वगैरे काही कळत नाही, पण चौकट नेमकी कुठे धरायची ते बरोबर कळतं.

गंमत म्हणजे ब्रेक नवे होते. दोनच दिवसांपूर्वी, रविवारी, मी ते स्वतःच्या हाताने बसवले होते.

गाडी मामाची, येझदीचं 1986चं रोडकिंग मॉडेल. मामाचे गुडघे गेले आणि गाडी माझ्याकडे आली. म्हैसूरचा, आधी जावा आणि मग येझदी बनवणारा, तो मूळ कारखाना 1996 साली बंद पडला. 2022 साली येझदी नाव पुन्हा बाजारात आलं, पण त्या गाड्यांना डिस्क ब्रेक आणि चाक अडकू न देणारं एबीएस. त्यांचा नटही माझ्या गाडीला लागत नाही. म्हणजे जुन्या येझदीवाल्याला दोनच वाटा. एक तर कुणाच्या तरी माळ्यावर तीस वर्षं तेलकट कागदात पडलेला अस्सल पार्ट पैठणीच्या भावात घ्यायचा, नाहीतर पुण्यातला सुट्या भागांचा बाजार, नाना पेठ.

मी नाना पेठेत गेलो. आता भर दुकानात उभं राहून "पुढचे शू पाहिजेत" असं मोठ्याने म्हणायला मला चाळिशीनंतरही संकोच वाटतो, पण ब्रेकच्या त्या अर्धचंद्रांना दुसरं नाव नाही. दुकानदाराने मान वर न करता दोन खोकी काउंटरवर टाकली. एक साडेसातशेचं. एक एकशेऐंशीचं. आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

बोलले ते काका. काउंटरच्या या बाजूला, लोखंडी स्टुलावर, पांढरा झब्बा आणि मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसले होते. माझी समजूत झाली की हे थोरले मालक. पुण्यात दुकानात जो सर्वांत निवांत बसलेला असतो तोच मालक, हा माझा आजवरचा अनुभव.

"कोणती गाडी?"

"येझदी. रोडकिंग."

"म्हणजे जावाच." काकांनी डोळे मिटले. "जावा. नावच बघा. त्या बेटावरून आणायचे ना सुरुवातीला, बोटीने."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो की नाही हो, यानेचेक नावाचा एक चेक गृहस्थ होता, त्याने 1929 साली वांडरर कंपनीचा मोटरसायकलचा धंदा विकत घेतला. त्याचं नाव इंग्रजी 'जे'ने लिहितात, त्यातला 'जा' आणि वांडररचा 'वा'. काकांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं, की मलाच माझी माहिती संशयास्पद वाटायला लागली. "असं तुम्हाला कुणी सांगितलं?" म्हणाले. आणि माझ्या उत्तराची वाट न बघता, "आमच्या घरी दोन होत्या जावा. मोठ्या भावाची आणि मधल्याची. एकीचं दुसरीशी पटायचं नाही."

काका गाड्यांबद्दल बोलत होते की वहिन्यांबद्दल, हे मला अजून कळलेलं नाही. जावा जावा, उभा दावा.

मग त्यांनी साडेसातशेच्या खोक्यातला एक शू काढला, नारळ वाजवून घेतात तसा कानाशी धरला आणि बोटाच्या पेराने टकटक वाजवला. "पोकळ आहे." अहो, ॲल्युमिनियमचं ओतीव काम ते, त्यात पोकळ काय असणार? मग एकशेऐंशीचा वाजवला. "हा बघा. भरीव." नंतर त्याच्या लायनरचा, म्हणजे वरच्या घासणाऱ्या थराचा, वास घेतला आणि शू माझ्या नाकापाशी धरला. मीही घेतला. मी पदवीधर आहे, बँकेत नोकरी करतो, आणि नाना पेठेत भर दुपारी उभा राहून मी ब्रेकचा वास घेतला. जळक्या रबरासारखा येत होता. "उत्तम," मी म्हणालो.

नमुन्यासाठी मी जुना शू नेला होता. काकांनी तो उचलला आणि त्यावरची काळी भुकटी फू करून माझ्याकडे उडवली. मी दोन पावलं मागे उडी मारली. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचं, ती धूळ फुंकायची नसते, ओल्या फडक्याने पुसायची असते, असं मी तोंडावर रुमाल धरून सांगितलं. "काही होत नाही," काका म्हणाले आणि बोट झब्ब्याला पुसलं.

"गाडी रोज काढता?"

"नाही. रविवारी."

"जाता कुठं?"

"असंच. खडकवासल्यापर्यंत."

काकांनी छताकडे बघून हिशेब मांडला. "जाऊन-येऊन ब्रेक मारणार किती वेळा? पन्नास धरा. त्यातले चाळीस मागचे. पुढचा ब्रेक शहाणा माणूस मारत नाही, पालथा पडतो. उरले दहा. दहा वेळा दाबायला साडेसातशे? एक दाब पंच्याहत्तर रुपयांना पडला, साहेब!"

मी दिवसभर लोकांच्या कर्जाचे हप्ते बसवतो. तरी मला हा हिशेब पटला. खरं म्हणजे वजन पुढच्या चाकावर येतं आणि गाडी मुख्यतः पुढच्याच ब्रेकने थांबते, हे मला माहीत होतं. टू-स्ट्रोक इंजिन उतारावर फारसं धरत नाही, सगळा भार ब्रेकवर, हेही माहीत होतं. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर फक्त पंच्याहत्तर रुपये होते.

"हा चालेल ना?" मी विचारलं.

"चालेल की," काका म्हणाले.

"चालेल," दुकानदार वहीतून म्हणाला.

"चालतंय ओ, मी माझ्या बुलेटला हेच टाकलेत," मागून एक अनोळखी माणूस म्हणाला. बुलेटचे शू येझदीला बसत नाहीत, पण एवढ्या प्रेमाने कोण बोलतं.

आता घरी बसून विचार करतो तेव्हा लक्षात येतं. मी ब्रेक विकत घेत होतो, आणि तीन माणसांपैकी एकही 'थांबेल' म्हणाला नाही. सगळे 'चालेल' म्हणाले.

शू एकशेऐंशी, केबल नव्वद, स्प्रिंगा तीस. तीनशे झाले. मी पैसे काउंटरवर ठेवले तेव्हा दुकानदाराने पहिल्यांदा मान वर केली आणि काकांना विचारलं, "काका, तुमचं काय होतं?"

"बल्ब. टॉर्चचा."

"आपल्याकडे नसतो, गुरुवारीही सांगितलं होतं."

"मग बसतो जरा. बसला वेळ आहे."

मालक नव्हते. मेकॅनिक नव्हते. गाडीही नव्हती. टॉर्चचा बल्ब नव्हता म्हणून बसलेले गृहस्थ, आणि माझं पुढचं चाक मी त्यांच्या हवाली केलं होतं.

रविवारी पार्किंगमध्ये गाडी स्टँडवर घेतली. सोसायटीत मी कधीही हातात पाना घेतला, की तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ खाली येऊन "विकायची का?" एवढंच विचारतात. तेही आले, विचारलं, गेले. शू बसवण्याची एक युक्ती असते. दोन्ही शू स्प्रिंगांनी जोडून अर्धवट मिटलेल्या पुस्तकासारखे धरायचे, एक टोक पिनवर, दुसरं शू फाकवणाऱ्या कॅमवर टेकवायचं आणि तळहातांनी दाबून पुस्तक उघडायचं. खट् करून बसतात. माझं पुस्तक तीनदा उघडलं. दोनदा माझ्या अंगठ्यावर. तिसऱ्यांदा तीस रुपयांच्या जोडीतली एक स्प्रिंग उडाली आणि तळमजल्याच्या तुळशीत जाऊन पडली. काकूंनी खिडकीतून विचारलं, "अहो, काय पडलं?" मी म्हटलं काही नाही, आणि चपला काढून तुळशीत हात घातला.

शेवटी बसलं सगळं. चाक फिरवलं, दांडी दाबली, चाक थांबलं. हाताने फिरवलेलं चाक कशानेही थांबतं हो, फडक्यानेही थांबतं. पण त्या वेळी मला मी मोठा कारागीर वाटलो. पुढचं तुम्ही फोटोत पाहिलंच. उड्डाणपुलाचा उतार, खाली लाल दिवा, मी दांडी दाबली, आणि नव्वद रुपयांची केबल च्युइंगगमसारखी ताणली गेली. शूंनी चाकाच्या मधल्या पोकळ ड्रमला आतून नुसतं कुरवाळलं. एवढंच.

संध्याकाळी चाक पुन्हा उतरवलं आणि लायनरवर खडू फासून बघितलं. हे आधीच करायला हवं होतं. चाक बसवून, ब्रेक हलका धरून दोन फेऱ्या फिरवलं, परत उघडलं. मधला दोन बोटांचा पट्टा सोडला तर खडू जसाच्या तसा. चाळीस वर्षांत ड्रम आतून झिजून मोठा झालेला, आणि नवा शू जुन्या मापाचा. मोठ्या परातीत छोटी वाटी ठेवावी तसा तो मधल्या मध्ये टेकत होता. त्यात शूचा काही दोष नाही म्हणा. खोक्यावर एका नामांकित कंपनीचं नाव होतं, त्यात एक अक्षर कमी. खाली चकचकीत स्टिकर: 'जेन्युन'. तेही चुकीचं. ज्याला 'अस्सल' लिहिताना चूक करायची लाज वाटत नाही, तो ड्रमचं माप कशाला बघेल?

राग येतो तो याचाच. स्वस्त हा गुन्हा नाही, स्वस्तात काम करणारे आहेत. शेवटी मी पेठेतल्याच एका बोळात एका लायनरवाल्याकडे गेलो. त्याने शू वाजवला नाही, वास घेतला नाही. "ड्रम आणलाय?" एवढंच विचारलं. नव्हता आणला. "मग मी कशाच्या मापाने करू?" घरी येऊन चाक रिक्षात घालून घेऊन गेलो. त्याने ड्रममध्ये कॅलिपर घातला, तीन ठिकाणी माप घेतलं, "थोडा ओव्हल आहे, आधी लेथवर मारून घेऊ" म्हणाला. मग मामाच्याच जुन्या शूवर जाड लायनर चिकटवून, भट्टीत भाजून, तो ड्रमच्या मापात उतरवणार. सगळे मिळून चारशे. गुरुवारी या. इतकं साधं होतं. ते मला काउंटरवर कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. कारण पाचशेसत्तर रुपये वाचवल्याच्या आनंदात होतो. त्यातले पाचशे चलनात गेले. आणि याच गाडीच्या दोन सायलेन्सरना क्रोम करायला दिवाळीत मी बत्तीसशे रुपये मोजले होते, एका शब्दाची घासाघीस न करता. हे बायकोने मोजून दाखवलं. फोटो तिनेच फॅमिली ग्रुपवर टाकला आहे. मामाने त्यावर हात जोडलेत.

गुरुवारी शू घेऊन परतताना, चांगली केबल घ्यायला त्याच दुकानात शिरलो. काका स्टुलावर होते. पिशवी मांडीवर. मला बघून एकदम खुलले.

"काय म्हणते येझदी? मध्येच कुठं थांबली-बिंबली नाही ना?"

मी त्यांच्याकडे बघितलं. दुकानदाराने वहीतून मान वर केली.

"नाही काका," मी म्हणालो. "कुठंच थांबली नाही."

"बघा!" काका दुकानदाराला म्हणाले. "मी सांगितलं होतं." आणि पोऱ्याला हाक मारून तीन कटिंग सांगितले. पैसे मी दिले.