ओटा तोच, जिल्हे तीन

माझे आजोबा खानदेशात जन्मले, वडील पूर्व खानदेशात आणि मी जळगाव जिल्ह्यात. ऐकणाऱ्याला वाटेल, काय फिरतं घराणं आहे! आम्ही तिघंही एकाच धाब्याच्या घरात, एकाच मधल्या खोलीत जन्मलो आणि एकाच ओट्यावर रांगलो. १९०६ साली इंग्रजाने खानदेशाचे दोन तुकडे केले. पूर्वेचा तुकडा जळगावला बांधला, पश्चिमेचा धुळ्याला. १९६० साली महाराष्ट्र झाला तेव्हा पूर्व खानदेशाचं जळगाव झालं, पश्चिम खानदेशाचं धुळे. मग १ जुलै १९९८ रोजी धुळ्याच्या पोटातून नंदुरबार निघालं. माझी बायको शहाद्याची. आमच्या लग्नपत्रिकेवर 'जि. धुळे' छापलंय आणि तिचं माहेर आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. "सरकारने माझं आख्खं माहेर हलवून दाखवलं, तुम्हाला झाडण्यापुरता फ्रिज हलवता येत नाही," असं ती म्हणते, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तसा हा उद्योग जुनाच आहे. अकबराने १६०१ साली असिरगड घेतला आणि दानियल नावाच्या मुलावरून सुभ्याचं नाव 'दानदेश' ठेवलं. कोणी घेतलं ते नाव? खानदेश तो खानदेशच राहिला. माझा असा दाट संशय आहे की त्याही वेळी कुठल्यातरी कारकुनाने 'नावात बदल झाल्याचा पुरावा सोबत जोडावा' असा शेरा मारून बादशहाचा कागद परत पाठवला असणार.

हे सगळं मला पूर्वी माहीत नव्हतं. चिरंजीव बारावीला आले आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला लागतो असं कळलं, तेव्हापासून मी इतिहासाचा अभ्यासक झालो.

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी सेतू केंद्रात गेलो. ओबीसीच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. मी खुशीत होतो, कारण दादांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, शाळेतला दाखल उतारा माझ्या खिशात होता. सेतूवाल्या पोराने तो उजेडात धरला आणि म्हणाला, "काका, जातीच्या रकान्यात 'हिंदू' लिहिलंय."

पाहिलं तर खरंच. धर्म हिंदू, जात हिंदू. माझ्या मते ते गुरुजी काळाच्या पुढे होते. सेतूवाल्याच्या मते त्यांनी रकाना भरायचा कंटाळा केला.

"आता कोतवाल बुक काढा भो," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, गावातल्या जन्ममृत्यूची जुनी नोंदवही. तीत बापाच्या नावापुढे जात लिहिलेली असते. आपल्याकडे कोण कधी आला आणि कधी गेला याची सरकारला एकेकाळी मनापासून चौकशी होती. या वह्या तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात. आता कुठल्या तहसील कचेरीच्या, इथून माझी गोष्ट सुरू होते.

आमचं गाव पूर्वी एका तालुक्यात होतं. पुढे तालुक्याचे दोन झाले आणि आम्ही नव्या तालुक्यात गेलो. गावाचं नाव इथे मुद्दाम सांगत नाही, अजून एक कागद यायचा बाकी आहे. गाव काही हललं नाही. नाल्याच्या फरशीवरचा बोर्ड तेवढा रंगवला. त्या वेळी आम्ही पेढे वाटले होते. जुनी कचेरी बत्तीस किलोमीटर, नवी अकरा. कामं आता चुटकीसरशी होणार, असं सगळ्यांनाच वाटत होतं.

नव्या कचेरीत अर्ज दिला. बारनिशीत, म्हणजे आवक-जावकीच्या टेबलावर, शिक्का बसला, पोच मिळाली. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: 'सदर कालावधीचे अभिलेख या कार्यालयास प्राप्त नाहीत.' म्हणजे गाव आलं, दप्तर आलं नाही. नवरी सासरी आली आणि रुखवत माहेरीच राहिला.

मग जुन्या कचेरीत गेलो. तिथले भाऊसाहेब भले गृहस्थ. त्यांनी बसायला खुर्ची दिली आणि लेखी उत्तर दिलं: 'सदर गाव या कार्यालयाच्या कार्यक्षेत्रात येत नाही.'

दोन्ही पत्रं मी घरी ओट्यावर शेजारी शेजारी ठेवली. दोन्हींत एक अक्षर खोटं नव्हतं. एकाकडे गाव होतं आणि वही नव्हती, दुसऱ्याकडे वही होती आणि गाव नव्हतं.

"भाऊसाहेब, वही तुमच्या कपाटात आहे ना?" मी पुन्हा जाऊन विचारलं.

"आहे ना."

"मग त्यातल्या एका पानाची नक्कल द्या."

"देऊ हो. पण द्यायचा अधिकार आम्हाला आहे का, ते बघावं लागेल. गाव तिकडे गेलंय. उद्या कोणी विचारलं, तुम्ही कोण देणारे, तर?"

"कोण विचारणार?"

भाऊसाहेबांनी वर पाहिलं. वर पंखा होता, पंख्याच्या वर पत्रे, आणि पत्र्यांच्या वर बहुधा जिल्हा. "वरून मार्गदर्शन मागवतो," ते म्हणाले.

मार्गदर्शन या शब्दाला मी तोवर फक्त दहावीच्या गाईडपुरता ओळखत होतो. कचेरीत त्याचा अर्थ वेगळा. ज्याचं उत्तर सगळ्यांना माहीत असतं, पण जे आपल्या सहीने बाहेर पडू नये असं सगळ्यांनाच वाटतं, त्यासाठी मार्गदर्शन मागवतात. कारकून टिपणी लिहितो, अव्वल कारकून तिच्यावर 'मान्यतेस्तव सादर' करतो, नायब तहसीलदार 'चर्चा करावी' म्हणतात, मग चर्चा होते, ती झाली असं लिहिलं जातं आणि नस्ती, म्हणजे फाईल, पुन्हा कारकुनाकडे येते. एवढी माणसं एका कागदावर सह्या करतात, पण एकाचीही सही दुसऱ्याच्या सहीच्या आधी ठरत नाही. यात कोणी आळशी नव्हतं, कोणी पैसेही मागितले नाहीत. मागितले असते तर निदान कोणाला तरी अधिकार आहे एवढं तरी कळलं असतं.

पाच आठवड्यांनी जिल्ह्याचं मार्गदर्शन आलं. भाऊसाहेबांनी मला फोन करून बोलावून घेतलं, इतका आनंद. पत्र मोठं होतं. विषय चार ओळी, संदर्भ तीन, आणि खाली असं: 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर प्रकरणी नियमानुसार उचित ती कार्यवाही करून केलेल्या कार्यवाहीचा अहवाल या कार्यालयास सादर करावा.'

मी दोनदा वाचलं. "म्हणजे द्यायची की नाही?"

"उचित असेल तर द्यायची."

"मग उचित आहे का?"

"तेच तर विचारलं होतं," भाऊसाहेब म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं खरं दुःख होतं की मीच त्यांना समोरच्या टपरीवर चहाला घेऊन गेलो. तिथे त्यांनी मन मोकळं केलं. त्यांची स्वतःची मुलगी यंदा बारावीला होती. त्यांचं मूळ गाव साक्रीकडचं, आणि त्यांच्या आजोबांच्या नोंदीवर 'पश्चिम खानदेश' होतं.

तोवर मे उजाडला. माझं बी-बियाण्याचं दुकान. कपाशीच्या पाकिटांचा हंगाम वर्षातून एकदा येतो, आणि त्या हंगामात मालक कचेरीच्या बाकावर बसून होता. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. आमच्याकडे या दिवसांत शहाणा माणूस डोक्याला पांढरा रुमाल बांधल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नाही. पंचासारखा मोठा, पाण्यात भिजवून पिळलेला. फटफटीवर बत्तीस किलोमीटर जाईपर्यंत तो तीनदा वाळतो.

कचेरीत माझी खरी ओळख झाली ती रेकॉर्ड रूमच्या शिपाई नानांशी. मी दिसलो की ते लांबूनच सांगायचे, "भाऊ, साहेब व्हीसीमा शेतस." साहेब कायम व्हीसीत, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये, असत. पूर्वी साहेब दौऱ्यावर असायचे तेव्हा निदान परत येताना गाडीचा आवाज तरी यायचा. आता बंद दाराआड पडद्यासमोर बसतात आणि आतून मधूनमधून फक्त 'हो सर, झालंय सर' ऐकू येतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलो तर भाऊसाहेब जागेवर नाहीत. बदली झाली होती. बदल्यांचा हंगाम एप्रिल-मेचा, कपाशीच्या जरासा आधी. त्यांच्या खुर्चीत एक तरुण भाऊसाहेब, कपाळावर अजून टिळा. पोटात खड्डा पडला. तीन महिन्यांची तपश्चर्या, आता पुन्हा पहिल्यापासून रामायण सांगायचं. मी थकून एवढंच म्हणालो, "कोतवाल बुकाची नक्कल हवी होती."

"वही आपल्याकडे आहे का?" त्याने नानांना विचारलं.

"शे ना साहेब."

"मग काढा आणि द्या."

माझा विश्वास बसेना. मी त्याला मार्गदर्शनाबद्दल सांगणार होतो, जिल्ह्याचं पत्र दाखवणार होतो, कार्यक्षेत्र म्हणणार होतो. नानांनी मागून माझ्या सदऱ्याचं टोक ओढलं. तेव्हा उजेड पडला. हा प्रश्न अवघड आहे, हे त्या पोराला अजून कोणी सांगितलंच नव्हतं.

रेकॉर्ड रूम उघडली. आत वाळवीचा, डांबरगोळ्यांचा आणि जुन्या कापडाचा वास. लोखंडी मांडण्यांवर गठ्ठेच गठ्ठे. दप्तर कापडात बांधून ठेवायची चाल पेशवाईपासूनची, आणि त्या बांधलेल्या गठ्ठ्याला नाव काय, तर रुमाल. "तुमच्या गावचा रुमाल वरच्या फळीवर हाये," नाना म्हणाले आणि स्टुलावर चढले. रुमाल खाली आला तो अर्धाच. उरलेल्याचा हातातच भुगा झाला. कापड कधीकाळी लाल होतं, आता सुपारीच्या रंगाचं झालं होतं. आत तपकिरी वही, मोडी लिपीत लिहिलेली. मला त्यात फक्त वळवळ दिसत होती.

मोडी वाचायला गावातले एक निवृत्त गुरुजी येतात. भिंग लावून त्यांनी पानं उलटली आणि सन १९४४ वर बोट थांबवलं. "आठ ऑगस्ट. बापाचं नाव बरोबर. जात स्वच्छ लिहिलीय."

"आणि मुलाचं नाव?"

"मुलगा."

"नाव काय पण?"

"मुलगा. एवढंच लिहितात. बारसं व्हायच्या आधीच कोतवालाने वर्दी दिलेली असते."

आजोबांना चार मुलगे. त्यातला हा कुठला? शिवाय शाळेत दादांची जन्मतारीख १ जून १९४४. त्यांच्या वेळच्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला तारीख आठवत नसे आणि गुरुजींना तीच एक तारीख पाठ असे. तरुण भाऊसाहेब म्हणाला, "जातीसाठी ना? आजोबांचा कुठलाही मुलगा चालेल. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडा." आणि त्याने सही केली. हिरव्या शाईचं पेन नव्हतं म्हणून निळ्याने.

रात्री ओट्यावर दादांना नक्कल वाचून दाखवली. ऐंशी पार केलेत, पण हिशेब पक्का. "म्हणजे मी आठ ऑगस्टचा?"

"हो दादा."

"मग मला मे महिन्यात रिटायर कसं केलं? ऑगस्ट अखेर करायला हवं होतं." त्यांनी बोटं मोजली. "जून, जुलै, ऑगस्ट. तीन पगार बुडाले माझे. अर्ज लिही."

मी विषय बदलला. बायको आतून म्हणाली, "लिहा की. सवय झालीच आहे."

एक गोष्ट मात्र घरी सांगायची राहिली. नक्कल हातात आल्यावर नानांनी वही पुन्हा बांधायला घेतली, तर बांधायला कापडच उरलेलं नव्हतं. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, कपाट उघडलं, नवीन कापडाची मागणी वर गेलेली आहे असं म्हणाले, आणि मग त्यांची नजर माझ्या डोक्यावर स्थिरावली.

भर दुपारी बत्तीस किलोमीटर मी बोडक्याने आलो.

परवा चिरंजीवांच्या व्हॅलिडिटीचं, म्हणजे जात पडताळणीचं, काम निघालं. मूळ नोंद पडताळायची म्हणून नवीन माणूस विचारत होता, वही कुठल्या कचेरीत, कुठल्या मांडणीवर, रुमाल क्रमांक काय. मी म्हटलं, क्रमांक माहीत नाही. वरची फळी, पांढरा रुमाल, कोपऱ्यात शेवभाजीच्या तर्रीचा डाग आहे. धुतला होता, पण गेला नाही.